रातपिठाचे डोहाळे

रातकिड्याला स्वतःची म्हणावी अशी चरबी नसते, चारा देईल ती त्याची, हा सिद्धान्त मल्लिनाथ करजगीकरांनी इतक्या सभांतून आणि इतक्या आवेशाने मांडला होता, की बार्शीच्या रातकीटक सहकारी संस्थेचे सभासद त्यांना दुरून येताना पाहिले तरी चहा अर्धा टाकून उठत. करजगीकर संस्थेचे चाराप्रमुख होते. सहा लांबलचक शेडमध्ये, एकावर एक रचलेल्या अंड्यांच्या पुठ्ठ्यांत, लक्षावधी रातकिडे राहत, खात, गात आणि दीड महिन्याने वाळवून दळले जात. त्या पिठाला सारा मुलूख रातपीठ म्हणे. अवर्षणाच्या वर्षांत डाळी दुर्मीळ झाल्या तेव्हा ते प्रथम ज्वारीच्या पिठात मिसळले गेले. एका पिढीने नाक मुरडले. दुसऱ्या पिढीला रातपिठाचे थालीपीठ नसले तर डबा सुना वाटू लागला.

करजगीकरांचा सिद्धान्त खोटा नव्हता. रातकिड्याच्या अंगातली प्रथिने बहुतांशी त्याच्या जातीने ठरतात; त्यांत चाऱ्याने फारसा फरक पडत नाही. चरबीचे तसे नाही. निव्वळ कोंड्यावर वाढलेला किडा लठ्ठ होतो, पण त्याची चरबी निकस असते. करडईची पेंड घाला, चरबीचा प्रकार बदलतो. जवस घाला, पुन्हा बदलतो. लोह, जस्त, जीवनसत्त्वे यांचेही थोडेफार असेच. तेव्हा रातपिठाची प्रत गिरणीत ठरत नाही, किड्यांच्या ताटात ठरते, आणि ते ताट वाढणारा माणूस या नात्याने करजगीकर स्वतःला संस्थेचा खरा शिल्पकार मानत. त्यांच्या पद्धतीचे एक तत्त्व होते, त्याला ते 'समान घास' म्हणत. चाऱ्याचे सगळे घटक तोलून, एकत्र करून, मैद्यासारखे बारीक दळायचे, म्हणजे कोणत्याही किड्याने कोठेही तोंड घातले तरी त्याला नेमका तोच घास मिळेल. कोणाला जास्त नाही, कोणाला कमी नाही. या तत्त्वात त्यांना न्यायाचे दर्शन घडे.

पण गेली दोन वर्षे हा न्याय त्यांच्यावरच उलटला होता. जिल्ह्याच्या माता-पोषण योजनेला गरोदर स्त्रियांच्या लाडवांसाठी रातपीठ हवे होते, आणि योजनेच्या अटी दोन होत्या. एक, पिठात ओमेगा-तीन जातीची चरबी भरपूर हवी. गर्भाचा मेंदू आणि डोळे घडताना जी लागते तिचा हा कच्चा माल. दोन, साठवणीत पीठ खवट होता कामा नये. पहिली अट जवसाने पुरी होई आणि नेमकी त्यामुळेच दुसरी मोडे, कारण ही चरबी जितकी गुणी तितकीच नाजूक; उन्हाळ्याच्या उबेने ती हवेतला प्राणवायू ओढून घेते आणि पिठाला जुन्या रंगाच्या डब्यासारखा वास येतो. करजगीकरांचे दोन नमुने याच वासाने परत आले होते. तिसरा नमुना शेवटचा. तोही परतला तर सहाही शेड कोंबडीखाद्याकडे वळवायच्या, असा ठराव संस्थेने करून ठेवला होता. मातांसाठी मांडलेले ताट कोंबड्यांपुढे सरकवायचे, ही कल्पनाच करजगीकरांना अपमानास्पद वाटे.

त्यातच त्यांची मुलगी ईश्वरी पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली होती. तिची आई चार वर्षांपूर्वी गेलेली; तेव्हा माहेर म्हणजे एकटे करजगीकर. त्यांनी आपल्या परीने कसूर केली नाही. सकाळची भाकरी, दुपारची उसळ, संध्याकाळचे दूध, सारे स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलून ते तिच्यापुढे ठेवत, आणि ईश्वरी त्यातले निम्मे टाकून उठे. ती रसायनशास्त्र शिकलेली. घरी बसून कंटाळली म्हणून दुपारी संस्थेच्या प्रयोगशाळेत पिठे तपासू लागली होती.

"अप्पा, चौथ्या शेडचा आकडा बघा," एका दुपारी तिने हाक मारली.

करजगीकरांनी पडद्यावरचा आकडा पाहिला, चष्मा पुसला आणि पुन्हा पाहिला. ओमेगा-तीन चरबी योजनेच्या अटीहून कितीतरी वर होती. "यंत्र बिघडलंय," ते म्हणाले.

"मग आज तीनदा बिघडलंय आणि तिन्ही वेळा अगदी सारखं."

"दळण्याआधी यांना दिवसभर उपाशी ठेवलं होतं का? नाहीतर हा आकडा किड्याचा नाही, त्याच्या आतड्यात राहिलेल्या चाऱ्याचा."

"ठेवलं होतं. पोटं रिकामी आहेत, मी स्वतः पाहिलं. हे त्यांच्या अंगातलं आहे."

"मग खवट असणार."

ईश्वरीने उबेच्या कपाटात आठवडाभर ठेवलेली बरणी त्यांच्यापुढे सरकवली. करजगीकरांनी झाकण काढून नाक खाली नेले आणि तिथेच थबकले. पिठाला भाजलेल्या तिळासारखा मंद, गोड वास येत होता.

"माझ्या चाऱ्यातून हे येणं शक्य नाही."

"चांगलं आलं याचं दुःख झालं का तुम्हाला?"

"दुःख नाही. पण कारण कळल्याशिवाय आनंद करायचा कसा, ते मला येत नाही."

ईश्वरीने आधीच धुतलेल्या काचनळ्या पुन्हा धुवायला घेतल्या.

करजगीकर तडक चौथ्या शेडमध्ये गेले. तिथे महानंदाबाई घोडके यांच्या हाताखाली सात-आठ बायका काम करत. आत शिरताच रातकिड्यांच्या गाण्याची नेहमीची भिंत अंगावर आली. करजगीकरांनी पुठ्ठे उचलून पाहायला सुरुवात केली, आणि तिसऱ्याच खोक्यात, दोन पुठ्ठ्यांच्या फटीत, त्यांना पळसाच्या पानाचा सुकलेला द्रोण सापडला. त्याच्या तळाला गूळ चिकटला होता.

"महानंदाबाई, हा द्रोण कोणाचा?"

"आमचाच की हो सर."

"चाऱ्याखेरीज इथे बाहेरचं काही आणायचं नाही असा नियम आहे ना?"

"हाय की. भिंतीवर लिवलाय, ह्यो बघा."

"मग आत काय आलं?"

बायकांनी एकमेकींकडे पाहिले. महानंदाबाईंनी हात पदराला पुसले. "खरं सांगू का नियमात बसंल असं सांगू?"

"खरं सांगा."

"मग त्या पोत्यावर बसा. उभ्यानं ऐकण्यातलं न्हाई ते."

करजगीकर बसले.

"डोहाळजेवण केलं," महानंदाबाई म्हणाल्या.

"किड्यांचं?"

"न्हाई हो. आधी तुमच्या ईश्वरीचं." त्यांनी आवाज खाली आणला. "सातवा लागून गेला पोरीला. आम्ही वाट बघितली, म्हटलं आज सांगतील, उद्या सांगतील. तुम्ही भला माणूस, पण तुमच्या ध्येनात काट्याबिगर दुसरं येतंय कुठं? आई असती तर गोष्ट येगळी. मग आम्हीच ठरवलं. एकीनं हिरवी साडी आणली, एकीनं मोगऱ्याची वाडी केली, गळ्यात, हातात, कमरेला, सगळी फुलांची. झोपाळा मिळंना, तर ती चारा वाहायची झुलती ट्रॉली हाय का न्हाई, तिलाच तोरण बांधलं. लई नटली पोरगी. तुम्ही त्या दिवशी सोलापूरला बैठकीला गेला होता."

"तिनं काही खाल्लं?" करजगीकरांच्या तोंडून हा प्रश्न नकळत निघाला.

मागे उभी असलेली एक तरुण बाई फिसकन हसली. "खाल्लं म्हणजे? तीन शेंगापोळ्या. आन् तिळाची चटणी बोटानं चाटून पुसून. म्हटलं, पोरी, घरी काय देत न्हाईत का? तर म्हणती, देत्यात, मोजून देत्यात."

करजगीकरांनी हातातला द्रोण उगाच फिरवला. "आणि किडे?"

"तेही तीच बोलली," महानंदाबाई म्हणाल्या. "जेवता जेवता त्या खोक्याकडं बघून म्हणती, काकू, ह्या माद्यापण पोटुशाच हायेत, ह्यांच्यासमोर मी एकटीनंच कसं जेवू? मग उरलंसुरलं एकेक द्रोणात घातलं. अळिवाचे लाडू, जवसाची चटणी, तिळाची चटणी, शेपूची भाजी, चिंचंचा कोवळा पाला. मिरची तेवढी काढली, पोटुशीला तिखट नको म्हणून. पुढं चार दिवस आम्हालाच गंमत वाटली. येताना जिला जे गावलं ते तिनं आणलं."

"कशाचं प्रमाण किती?"

या प्रश्नावर मात्र सगळ्या बायका हसल्या, आणि इतका वेळ दबलेले हसू होते म्हणून फार वेळ हसल्या. "डोहाळ्याला प्रमाण असतंय होय सर?" महानंदाबाईंनी डोळे पुसले. "आम्हाला काय त्यातलं कळतंय? उरलं होतं, टाकवेना, घातलं. चुकलं आसंल तर सांगा. पर पोरीला बोलू नका."

करजगीकर उठले. चूक झालीच होती, हे त्यांना सांगायचे होते. कोणाची, हे मात्र ठरेना. द्रोण हातात घेऊनच ते बाहेर पडले.

संध्याकाळी ईश्वरी ओसरीवर बसली होती. करजगीकर तिच्या शेजारच्या खुर्चीत बसले.

"रागावलात?" तिने विचारले.

"तू नियम मोडलास."

"मोडला."

"मला सांगितलं असतंस तर मी काय नाही म्हणणार होतो?"

"नाही म्हणाला नसता, अप्पा. लाडू तोलले असते."

"तुझ्या आईला सुचलं असतं," करजगीकर म्हणाले.

"आईनं तुम्हाला विचारलंसुद्धा नसतं. तुम्हाला तोरणं बांधायला लावली असती आणि ती वाकडी झाली म्हणून हसली असती." ईश्वरी हसली आणि तिने डोके खुर्चीच्या पाठीला टेकले. "सोमवारी योजनेच्या बागवान मॅडम तिसऱ्या नमुन्यासाठी येतायत. चौथ्या शेडची बरणी देणार का? पीठ पास होईल. कोणी विचारणार नाही."

"चाऱ्याचा आराखडा माझ्या सहीचा आणि पीठ डोहाळजेवणाचं? ते नाही जमायचं मला. आणि समजा जमलं, तर पुढच्या खेपेला काय घालायचं तेच मला ठाऊक नाही. पहिली खेप चांगली आणि दुसरी खवट, असं पीठ मी कोणत्या तोंडानं मातांना देऊ?"

"मग कोंबड्या."

"बघू," करजगीकर म्हणाले.

योजनेच्या तपासनीस डॉक्टर रुक्साना बागवान या सोलापूरच्या. बोलायला मोकळ्या, पण आकड्यांच्या बाबतीत करजगीकरांहून कठोर. सोमवारी त्यांनी चौथ्या शेडची बरणी हुंगली, ईश्वरीचे आकडे पाहिले आणि पेन काढले. "करजगीकर, हे पास आहे."

"नाही. हे नापास करा," करजगीकर म्हणाले, आणि त्यांनी द्रोणापासून ट्रॉलीच्या तोरणापर्यंत सारी हकीकत, एकही तपशील न गाळता, सांगितली.

बागवान मॅडमनी पेन खाली ठेवले. "वीस वर्षं नमुने तपासतेय. पास करा म्हणून भांडणारे रोज भेटतात. नापास करा म्हणून भांडणारे तुम्ही पहिले."

"मला एक पिढी द्या."

"तुमची की रातकिड्यांची?"

"रातकिड्यांची. दीड महिना. मला कारण सापडलं तर पीठ घ्या. नाही सापडलं तर कोंबड्यांना माझा नमस्कार सांगा."

बागवान मॅडमनी मुदत दिली. जाताना त्या ईश्वरीजवळ थांबल्या आणि हळूच म्हणाल्या, "फुलांच्या वाडीचा फोटो आहे का?" तो होता. दोघी बराच वेळ मोबाइलवर वाकून राहिल्या.

मग करजगीकरांनी प्रयोग मांडला. दुसऱ्या शेडचे त्यांनी दोन भाग केले. वाढीच्या काळात दोन्हीकडे नेहमीचा चारा ठेवला. माद्यांच्या पोटात अंडी धरू लागल्यावर दोन्हीकडे डोहाळ्यांचे पाच पदार्थ आणि ज्वारीच्या कण्या सुरू केल्या. डाव्या भागाला सारे पदार्थ तोलून, दळून, समान घासाच्या रूपाने दिले. उजव्या भागाला तेच, तेवढ्याच वजनाचे, पण वेगवेगळ्या द्रोणांत. ही दुसरी मांडणी ईश्वरीने हट्टाने करवून घेतली. करजगीकरांनी ती मान्य केली ती निव्वळ खोटी ठरवण्यासाठी.

पुढचे काही दिवस ते एका स्टुलावर बसून उजव्या भागाकडे पाहत राहिले. इतकी वर्षे त्यांनी रातकिड्यांचे विश्लेषण केले होते. त्यांना जेवताना मात्र कधी निवांत पाहिले नव्हते. पाहता पाहता त्यांच्या लक्षात आले की पंगत एक असली तरी पाने निराळी आहेत. नर ज्वारीच्या कण्यांच्या द्रोणाला चिकटून असत. चटणीकडे ते ढुंकून पाहत नसत. गाणे हे कष्टाचे काम आहे, आणि पंख घासत रात्र काढायची तर झटपट जळणारे पिष्ट हवे. माद्या, ज्यांच्या शेपटाशी अंडी घालायची सुईसारखी नळी असते, त्या कण्यांवरून सरळ चालत जाऊन अळिवावर बसत, मग तिळावर, मग शेपूवर, आणि पुन्हा अळिवावर.

"अप्पा, तुमचा न्याय मोडतायत त्या," ईश्वरी दारातून म्हणाली. आता तिला नववा लागला होता आणि ती सावकाश चाले.

"गप्प बस. मोजतोय," करजगीकर म्हणाले, पण ते मोजत नव्हते.

निकाल आला तेव्हा दोन्ही भागांत ओमेगा-तीन चरबी भरपूर होती. पण डाव्या भागाचे पीठ उबेच्या कपाटात खवट झाले, आणि उजव्या भागाचे तिळासारखे दरवळत राहिले. करजगीकर दोन दिवस त्या दोन बरण्यांपुढे बसले, आणि मग त्यांना सगळी साखळी लागली. आजवर ते जवस पहिल्या दिवसापासून घालत. वाढत्या किड्यांनी त्यातले बरेचसे जाळून टाकले होते. अखेरच्या दिवसांत दिलेली चरबीच अंगात टिकते. आणि दळलेल्या घासात नरांनाही ती नाजूक चरबी गिळावी लागे. तिचा त्यांना उपयोग नव्हता, म्हणून ती त्यांच्या अंगात नुसती साठे आणि पहिली नासे. माद्यांना मात्र ती अंड्यांसाठी हवी असे, आणि जवसा-अळिवाबरोबर त्या आपण होऊन तीळ आणि पाला खात. त्यांतली राखणदार द्रव्ये, जी प्राणवायूला चरबीजवळ फिरकू देत नाहीत, तीही अंड्यांत जाऊन बसत. दळलेल्या घासात ही द्रव्ये होती, पण सगळ्यांत सारखी वाटली गेल्याने कोणालाच पुरत नव्हती.

निष्कर्ष एवढाच निघत होता, की कोणाला काय हवे ते चाराप्रमुखाहून किड्याला अधिक कळते. हे वाक्य करजगीकरांनी प्रथम मनात म्हटले, मग ओठांत, आणि मग, आश्चर्य असे की, ते मोठ्याने म्हणून हसले.

बागवान मॅडमनी निकाल वाचला. त्यांची अडचण वेगळीच होती. "आराखड्यात मला चाऱ्याचे ठरावीक टक्के लागतात. तुम्ही लिहिलंय, 'सहा द्रोण, आवडीप्रमाणे.' हे मी वर काय पाठवू?"

"टक्के लिहिले तर मी खोटं लिहीन. ते रोज बदलतात. ऊन वाढलं की पाला जास्त खातात, गार पडलं की लाडू."

"मग प्रत कशी राखणार?"

"पिठाची प्रत रोज तपासून. अट पिठावर घाला, मॅडम, ताटावर नको. आईला तुम्ही दिवसाला तीळ किती खाल्लेस असं विचारत नाही, बाळाचं वजन विचारता."

"तुम्ही विचारता असं ऐकलंय," बागवान मॅडम म्हणाल्या, आणि ईश्वरीला हसू आवरेना.

वाद अर्धा दिवस चालला. मध्ये महानंदाबाईंनी शेंगापोळ्या आणल्या, त्या खाताना तो थांबला आणि चहानंतर पुन्हा सुरू झाला. दोघांनाही भांडणात असा तोलाचा माणूस बऱ्याच दिवसांत भेटला नसावा. अखेरीस ठरले: रोजची तपासणी, पिठावर अट, द्रोणांना मोकळीक. बागवान मॅडमनी सही केली आणि पेनाचे टोपण लावताना विचारले, "पण मग चाराप्रमुख म्हणून तुमचं काम काय उरलं?"

"द्रोण रिकामे राहू न देणं," करजगीकर म्हणाले.

बातमी शेडमध्ये पोचायला वेळ लागला नाही. बायकांनी थाळ्या वाजवल्या. त्या आवाजाने रातकिडे क्षणभर गप्प झाले आणि मग दुप्पट जोराने गाऊ लागले. महानंदाबाईंनी सरांच्या कपाळाला गुलाल लावला. चष्म्यावरही लागला, तो त्यांनी पुसला नाही.

तसेच ते घरी आले. ईश्वरी आधीच येऊन ओसरीवर पाय लांब करून बसली होती. करजगीकर तिच्यासमोर उभे राहिले. नेहमीप्रमाणे आत जाऊन काटा काढायचा, तर ते तिथेच घुटमळले.

"ईश्वरी," ते म्हणाले, "काय खावंसं वाटतंय तुला?"

तिने मान वर करून त्यांच्याकडे पाहिले. इतक्या महिन्यांत हा प्रश्न पहिल्यांदाच आला होता, आणि त्याचे उत्तर तिच्याजवळ केव्हाचे तयार होते.

"कैरी. मीठमसाला लावलेली. आणि त्यावर गारेगार."

"एकदम?"

"आधी कैरी, मग गारेगार, मग परत कैरी."

या क्रमावर करजगीकरांना निदान तीन आक्षेप सुचले. त्यांतला एकही त्यांनी उच्चारला नाही. पायांत चपला सरकवून ते कोपऱ्यावरच्या गाड्याशी गेले. गाडेवाल्याने गुलाल लागलेल्या चष्म्याकडे एकदा पाहून घेतले. त्याने कैऱ्या चिरल्या, मसाला भुरभुरला आणि कागद पसरून विचारले, "किती देऊ?"

आयुष्यभर प्रत्येक दुकानात ग्रॅममध्ये उत्तर देत आलेल्या मल्लिनाथ करजगीकरांनी घराकडे मान वळवली. मागे त्यांच्या ओसरीवरून ईश्वरी कोणाशी तरी मोबाइलवर हसत बोलत असल्याचा आवाज येत होता.

"घाल रे," ते म्हणाले. "मी पुरे म्हणत नाही तोवर घाल."